समुद्राच्या पोटांत शिरण्यापूर्वीं

अमरकोशांतील समुद्राचीं नांवें आम्हीं तीस वर्षें मुलांकडून पाठ करून घेतलीं. 'रत्नाकर' आणि 'यादःपति' हे शब्द समजावून देतांना फळ्यावर एक मासा काढावा आणि पुढील श्लोकाकडे वळावें, असा आमचा परिपाठ होता. त्या यादःपतीच्या राज्यांत स्वतः डोकावण्याचा प्रसंग साठी उलटल्यावर येईल, असें स्वप्नांतही वाटलें नव्हतें. परंतु गेल्या फेब्रुवारींत चिरंजीव, सूनबाई, पुतण्या व बारा वर्षांचा नातू यांजबरोबर अंदमानास जाण्याचा योग आला. तेथें 'स्कूबा' करावयाचेंच, असा तरुण मंडळींचा घरून निघतांनाच निश्चय होता.

पाठीवर हवेचें नळकांडें बांधून, त्यांतील हवा तोंडांतील नळीनें घेत पाण्याखालीं संचार करावयाचा, ही ती विद्या. कूस्तो व गान्यां या दोन फ्रेंच गृहस्थांनीं १९४३ सालीं यासाठीं सोयीचें यंत्र सिद्ध केलें, आणि पुढें ही विद्या हौशी प्रवाशांच्या आटोक्यांत आली. अंदमानांत तिचें मुख्य ठाणें म्हणजे स्वराज द्वीप. २०१८ पर्यंत त्यास हॅवलॉक म्हणत. पोर्ट ब्लेअरहून (२०२४ पासून त्याचें नांव श्रीविजयपुरम्) तेथें बोटीनें दोन-अडीच तासांत जातां येतें.

उतरलों त्याच दिवशीं एका एजंटानें आम्हांस गांठलें. "शेवटच्या दिवशीं सकाळच्या बोटीनें जा, बुडी मारा, संध्याकाळीं परत या, दुसऱ्या दिवशीं पहाटे विमान. मुक्कामाचा खर्च वांचला!" दर स्वस्त होता. कोणास पोहतां येतें, कोणास काय आजार आहे, यांपैकीं एकही प्रश्न त्यानें केला नाहीं. पेन्शनरास स्वस्ताईचा मोह लवकर पडतो. आम्ही पैसे काढण्याच्या बेतांत होतों. तोंच पुतण्या म्हणाला, "काका, बुडी मारल्यावर लगेच विमानांत बसायचं नसतं."

त्याचें कारण ऐकण्यासारखें आहे. पाण्याखालीं दाब वाढला कीं हवेंतील नायट्रोजन वायु रक्तांत अधिक विरघळतो. तो हळूहळू बाहेर पडण्यापूर्वींच माणूस उंच, विरळ हवेंत गेला, तर सोड्याची बाटली उघडल्याप्रमाणें त्याचे बुडबुडे होऊं शकतात. म्हणून एका साध्या बुडीनंतर निदान बारा तास, आणि एकाहून अधिक बुड्या मारल्या असल्यास अठरा तास, विमानांत बसूं नये असा संकेत आहे. एजंटाच्या बेतांत ही कालमर्यादा जेमतेम सांभाळली जात होती. बोटीस उशीर झाल्यास तीही बुडाली असती. आम्हीं क्रम उलटा केला. आधीं दोन रात्री स्वराज द्वीपावर मुक्काम केला आणि शेवटचा दिवस सेल्युलर जेलसाठीं ठेवला. १९११ सालीं सावरकर ज्या वास्तूंत आणले गेले, तेथें मराठी माणसानें घाईनें जाऊंही नये.

स्वराज द्वीपावर आम्हीं तीन केंद्रें पाहिलीं. तिसऱ्या केंद्रांतील शिक्षिका एक तरुण मुलगी होती. तिनें दराची गोष्ट काढण्यापूर्वींच प्रत्येकापुढें प्रकृतीविषयींच्या प्रश्नांचा कागद ठेवला. त्यांत दम्याचा प्रश्न होता. आमच्या नातवास लहानपणीं दमा असे. अलीकडे दोन वर्षें त्रास नव्हता. येथें आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. ज्यानें आयुष्यभर पोरांच्या कॉप्या पकडल्या, तोच हा मास्तर हलक्या आवाजांत म्हणाला, "अरे, 'नाहीं'वर खूण कर. आतां कुठें आहे तुला दमा?" नातवानें आमच्याकडे पाहिलें आणि विचारलें, "आजोबा, खोटं लिहूं?"

आम्ही निरुत्तर झालों. त्यानें 'होय'वर खूण केली. शिक्षिकेनें कागद वाचला आणि शांतपणें सांगितलें, "डॉक्टरांच्या लेखी परवानगीवांचून मी याला पाण्याखालीं नेणार नाहीं." चिरंजीवांनीं दुप्पट पैसे देऊं केले, ती हसून नको म्हणाली. मग तिनें वाळूंत बोटानें एक फुगा काढला. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, म्हणून तेथें घेतलेली हवा वर येतांना दुप्पट पसरूं पाहते. याच कारणानें पाण्यांत श्वास कधींही कोंडूं नये, हा या विद्येचा पहिला नियम आहे. दमेकऱ्याची श्वासनलिका ऐन वेळीं आवळली तर हवा आंत अडकते आणि फुप्फुसास इजा होते. हें ऐकतांना आमच्या अंगावर कांटा आला. त्या मुलीचा एक नकार आणि त्या पोराचा एक प्रश्न, एवढ्यानेंच आम्ही वांचलों होतों.

म्हणून केंद्र निवडणाऱ्या वाचकांस आमची पहिली सूचना हीच, कीं जो 'नाहीं' म्हणूं शकतो, त्याच्याच हातीं आपलीं मुलें द्यावीं. बाकीच्या गोष्टी विचारून घेतां येतात. शिक्षकाजवळ पाडी किंवा एस्‌एस्‌आय् यांसारख्या संस्थेचें चालू प्रमाणपत्र आहे काय? एका शिक्षकाबरोबर किती नवशिके उतरणार? जवळ प्राणवायूचें नळकांडें व प्रथमोपचाराची सोय आहे काय? उथळ पाण्यांत आधीं सराव करवितात काय? नळींतील हवेस तेलाचा वास येतां कामा नये. नवशिक्यास बारा मीटरांहून खालीं नेत नाहींत. पाडीच्या नियमानें वयही दहा वर्षांहून कमी चालत नाहीं. किनाऱ्यावरून उतरतां येणारी निमो रीफ ही प्रथम बुडीस योग्य जागा. डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज वगैरे नांवें ऐकून भुलूं नये, तीं अनुभवी पाणबुड्यांसाठीं आहेत. तसेंच फोटोसाठीं प्रवाळावर उभें करणारा शिक्षक टाळावा. २०१० सालीं समुद्र तापून अंदमानांतील पुष्कळ प्रवाळ पांढरें पडलें. त्यावर आपल्या पायांचा भार कशास?

दुसऱ्या दिवशीं तिघें निमो रीफला उतरलीं. समुद्रफुलांत लपणारे नारिंगी मासे पाहून सूनबाई बाहेर आल्या, त्या बराच वेळ बोलल्याच नाहींत. नातू किनाऱ्यावर हिरमुसून बसला होता. दुपारीं त्याच शिक्षिकेनें आम्हां दोघांस तरंगतें जाकीट व मुखवटा चढवून, एका सोबत्याच्या हवालीं करून, कमरेएवढ्या पाण्यांत नेलें. आम्ही तोंड पाण्यांत बुडवून तरंगत राहिलों. खालीं निळ्या-पिवळ्या माशांचा थवा प्रवाळामधून वळणें घेत होता.

नातवानें आमचा हात घट्ट धरला होता. डोकें वर काढून तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही फळ्यावर मासा अगदींच चुकीचा काढत होतांत." तेंही आम्हीं कबूल केलें.