दे रे हरी

शहाणपण कमी पडत असेल तर देवाकडे मागावं, तो उणंदुणं न काढता देतो, असा बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा सांगावा आहे. आमच्यात कुणाच्या घरी मोठं काही ठरायचं असलं की पाळक हाच उतारा वाचतात, प्रार्थना होते, आमेन होतं, चहा येतो. सध्या मलाही काही ठरवायचं आहे. काय, ते जाऊ द्या. पण मागायला डोळे मिटले की आजीची म्हण आडवी येते: दे रे हरी खाटल्यावरी.

आजी पक्की ख्रिस्ती, तरी म्हणीतला हरी तिने कधी बदलला नाही. पुस्तक मिटून मी प्रार्थनेला बसलो की स्वयंपाकघरातून ही म्हण यायचीच. तिचा रोख आळसावर होता, देवावर नव्हे, एवढं तेव्हाही कळायचं. पण खाटेवरून मागायचं नाही, तर कुठून मागायचं? शेतातून? आणि राबून मिळवलं तर ते दान कसलं, ती मजुरीच की.

शिवाय शलमोन राजाचं काय? त्याला तर अक्षरशः खाटल्यावरच मिळालं. गिबोनला तो झोपला होता, स्वप्नात देवाने विचारलं, काय देऊ? त्याने दीर्घायुष्य मागितलं नाही, धन मागितलं नाही, शत्रूंचे प्राणही मागितले नाहीत. लोकांचा न्याय करता येईल एवढी समज मागितली. देव प्रसन्न झाला. (शत्रूंचे प्राण मागायची गरजच उरली नव्हती, ही आपली माझी कुरकुर. आदल्याच अध्यायात अदोनीया, यवाब, शिमी यांचा त्याने काटा काढलेला आहे. आणि मरताना बाप दावीद त्याला बजावून गेला होता की तू शहाणा आहेस, कुणाचं काय करायचं ते तुला कळेल.) म्हणजे एका तऱ्हेचं शहाणपण त्याच्यापाशी स्वप्नाआधीही होतं. ते आणि नंतरचं, यांत फरक कुठला? एका बाळावरून भांडणाऱ्या दोन आयांचा न्याय करतानाही त्याने मागवली ती तलवारच होती. बरं, वरून मिळालेलं तरी टिकलं का? सातशे राण्या, तीनशे उपपत्नी आणि म्हातारपणी परक्या देवांची पूजा. खाटेवर मिळालेलं टिकत नाही, असं आजीला म्हणायचं असेल तर तिची बाजू भक्कम आहे.

आणि पंडिता रमाबाई जणू तिच्याच बाजूच्या साक्षीदार. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना सरस्वती म्हणून गौरवलं तेव्हा त्या विशीच्या होत्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला. पुढे केडगावात, दुष्काळातून आणलेल्या मुलीबाळींचा पसारा सांभाळत, हिब्रू आणि ग्रीक शिकून त्या अख्खं बायबल मराठीत आणायला बसल्या. १९२२ साली त्या गेल्या, ग्रंथ १९२४ साली निघाला. कृपेवर एवढी भिस्त ठेवणारं माणूस आमच्यात विरळा, आणि खाटेला एवढी कमी पाठ टेकणारंही विरळाच. मग त्यांनी मागितलं ते काय? क्रियापदांची रूपं कुणी स्वप्नात देत नाही. ती घोकल्यावरही जे हाती येत नाही, तेवढ्यासाठीच हात पसरायचा, असं असेल का?

हे लिहिताना मला सारखा सिद्धगड आठवतो आहे. रमाबाईंचा त्याच्याशी काही संबंध नाही, शलमोनाचा तर नाहीच. मुरबाड तालुक्यातल्या त्या डोंगराच्या जंगलात २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे पोलिसांनी इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या भूमिगत आझाद दस्त्याला गाठलं. भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथेच पडले. कोतवाल माथेरानचे, शिकून वकील झालेले, माथेरानच्या नगरपालिकेत पदावर बसलेले. गरीब शेतकऱ्यांसाठी धान्यकोठारं उभी करणारे. तीस वर्षांचा माणूस. १९४२ साली सगळं सोडून ते भूमिगत झाले आणि विजेचे मनोरे पाडत हिंडले. त्यांना त्या वर्षी एखाद्या शहाण्या माणसाने काय सल्ला दिला असता? वकिली सांभाळा, कोठारं चालवा, लोकांना तुमची गरज आहे. सल्ला वाईट नाही. मीही हाच दिला असता, आणि वर प्रार्थनाही केली असती.

वरून येणारं शहाणपण शुद्ध असतं, शांतताप्रिय असतं, सौम्य असतं, अशी खूण याकोबच पुढे देतो. कोतवालांना माझ्या शास्त्राच्या मापाने मोजायचा मला अधिकार नाही, पण माप हातात आलंच आहे तर बघतो. पाडलेले मनोरे काही सौम्य म्हणता यायचे नाहीत. शलमोनाची तलवारही या खुणेत बसत नाही. माझा संभाव्य सल्ला मात्र शुद्ध, शांत, सौम्य, सगळ्यात चपखल बसतो. हीच गोष्ट मला आवडत नाही.

मागताना शंका धरणाऱ्याने काही मिळेल अशी आशा करू नये, असंही त्याच पत्रात आहे. पण ज्याला शंका नाही त्याला शहाणपण लागतं कशाला? कोतवालांना शंका आली असेल का, कोण जाणे. मला येते, आणि ती मागण्याच्या आड येते की तीच माझं मागणं आहे, हे मला ठरवता आलेलं नाही. दुसरं जे ठरवायचं होतं, तेही तसंच राहिलं आहे.