माँटेव्हिडिओचा घाव

कोल्हापूर

चि. सोनूस,


फोनवर तू विचारलंस, की शेजारचे सेल्टिकवाले आजोबा लिस्बनचं नाव निघालं की खुलतात आणि माँटेव्हिडिओ म्हटलं की गप्प का होतात? तेव्हा उत्तर अर्धवट राहिलं, म्हणून सविस्तर लिहितो.

लिस्बनचं तुला ठाऊक आहेच. 25 मे 1967 ला ग्लासगोच्या सेल्टिक फुटबॉल क्लबनं इंटर मिलानला 2-1 हरवून युरोपियन कप जिंकला. त्या संघातला प्रत्येक खेळाडू ग्लासगोच्या आसपास तीस मैलांच्या आत जन्मलेला. आपल्या पेठेतल्या पोरांनी अख्खा युरोप जिंकावा, असं ते होतं. शाहू स्टेडियमवर तालमीच्या संघासाठी गळा फाटेपर्यंत ओरडलेल्या माणसाला त्याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

त्या काळी युरोपचा विजेता आणि दक्षिण अमेरिकेचा विजेता यांच्यात इंटरकॉन्टिनेंटल कप खेळला जायचा. 1960 साली रेआल माद्रिद आणि पेन्यारोल यांच्या लढतीनं तो सुरू झाला. 1962 ला पेलेनं लिस्बनमध्ये बेनफिकाला तीन गोल मारले, सान्तोसनं 5-2 नं सामना घेतला. सुरुवात अशी देखणी होती. मग पुढे त्यात मारामारीचं विष आलं कुठून?

माझ्या मते ते वेम्बलीहून आलं. 1966 च्या विश्वचषकात 23 जुलैला इंग्लंड-अर्जेंटिना उपांत्यपूर्व सामना झाला. पंच होते जर्मनीचे क्राइटलाइन. त्यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार रातीन याला बाहेर काढलं. पंचांना स्पॅनिश येत नव्हतं, रातीनला जर्मन येत नव्हतं. तो दुभाष्या मागत राहिला, कितीतरी वेळ मैदान सोडेना. पिवळी-लाल कार्डं तेव्हा नव्हती. त्या गोंधळातूनच पुढे कार्डांची कल्पना निघाली आणि 1970 च्या विश्वचषकात ती आली. सामन्यानंतर इंग्लंडचे प्रशिक्षक रॅमसे यांनी आपल्या खेळाडूला अर्जेंटिनाच्या खेळाडूशी जर्सी बदलू दिली नाही आणि बोलताना 'जनावरं' हा शब्द वापरला. त्याच दिवशी दुसऱ्या गावात पश्चिम जर्मनीविरुद्ध उरुग्वेचे दोघं बाहेर गेले, आणि तिथे पंच होता इंग्रज. इंग्लंडच्या सामन्याला जर्मन पंच, जर्मनीच्या सामन्याला इंग्रज पंच. ब्यूनोस आयर्समधल्या माणसानं यातून काय अर्थ काढला असेल? तिकडे त्या सामन्याला आजही 'शतकातली चोरी' म्हणतात.

पुढच्याच वर्षी या कपासाठी ब्रिटनहून सेल्टिक आला. आता बघ, स्कॉटलंडचं आणि इंग्लंडचं कधी जमलंय? त्याच एप्रिलमध्ये स्कॉटलंडनं विश्वविजेत्या इंग्लंडला वेम्बलीवर 3-2 हरवलं होतं. सेल्टिक तर आयरिश स्थलांतरितांनी उभा केलेला क्लब. पण अर्जेंटिनातल्या अव्हेयानेदाच्या, म्हणजे प्रतिस्पर्धी रेसिंग क्लबच्या गावच्या गर्दीला हे कोण सांगणार? भांडण लंडनचं होतं, मार ग्लासगोनं खाल्ला. मला या सगळ्या कथेत सर्वांत जास्त लागतं ते हेच.

18 ऑक्टोबरला ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर मॅकनीलच्या हेडरनं सेल्टिकनं रेसिंग क्लबला 1-0 हरवलं. चिमुकल्या जिमी जॉनस्टनला त्या दिवशी लाथांवर लाथा बसल्या. 1 नोव्हेंबरला अव्हेयानेदात सामना सुरू होण्याआधीच सेल्टिकचा गोलकीपर सिम्पसन याच्या डोक्यात गर्दीतून काहीतरी येऊन आदळलं. तो खेळूच शकला नाही, ऐनवेळी फॅलन उभा राहिला. जेमेलनं पेनल्टीवर गोल केला तरी रेसिंगनं 2-1 नं सामना जिंकला. गोलांची बेरीज तेव्हा धरत नसत. एकेक सामना दोघांनी जिंकला म्हणून तिसरा, तटस्थ गावात. गाव ठरलं माँटेव्हिडिओ, अर्जेंटिनाच्या समोरच नदीपलीकडे. सेल्टिकच्या अध्यक्षांना अव्हेयानेदाहूनच घरी परतायचं होतं. प्रशिक्षक जॉक स्टीन यांना खेळायचं होतं.

4 नोव्हेंबरला सहा जण बाहेर गेले, चार सेल्टिकचे, दोन रेसिंगचे. पोलीस मैदानात उतरले. शेवटी शेवटी सेल्टिकच्या ऑल्डला बाहेर काढलं, तर तो गेलाच नाही, आणि खेळ तसाच पुढे चालला. या सगळ्या धुमश्चक्रीत रेसिंगच्या कार्देनासनं लांबून मारलेला गोल मात्र अस्सल होता. 1-0. रेसिंग हा अर्जेंटिनाचा पहिला जगज्जेता क्लब ठरला. तिथल्या आजोबांना विचारलंस तर त्यांच्यासाठी तो आयुष्यातला सोन्याचा दिवस, आणि तो आनंदही खोटा नाही. इकडे सेल्टिकनं आपल्याच खेळाडूंना प्रत्येकी 250 पौंड दंड केला. तुझे शेजारी गप्प होतात ते नुसत्या हरण्यामुळे नाही गं. आपलेही हात उचलले गेले, याची ती लाज आहे.

पुढचं थोडक्यात. 1968 ला अर्जेंटिनाच्याच एस्तुदियान्तेसनं मँचेस्टर युनायटेडला हरवलं, तिथेही मारामारी. 1969 ला तर कहर झाला. एस्तुदियान्तेसविरुद्ध ला बॉम्बोनेरा मैदानावर एसी मिलानचा कॉम्बिन रक्तबंबाळ झाला. तो जन्मानं अर्जेंटिनाचा, पण फ्रान्सकडून खेळायचा. नाक फुटलेल्या अवस्थेत त्याला लष्करी सेवा चुकवल्याच्या आरोपाखाली पकडलं, मग सोडलं. अर्जेंटिनाचा हुकूमशहा ओंगानिया यानं आपल्याच तीन खेळाडूंना तुरुंगात टाकलं. 1970 ला फेयेनूर्डच्या फान दाले याचा चष्मा मैदानातच फोडला गेला, आणि विजयी गोल त्यानंच मारला. मग युरोपचे विजेते जायलाच नाही म्हणू लागले, 1971 ला आयाक्स, 1974 ला बायर्न. 1975 आणि 1978 ला कप झालाच नाही. 1980 च्या कपापासून टोकियोत एकच सामना ठेवला, तेव्हा कुठे तो वाचला.

आता माझं एक काम कर. आजोबांना माँटेव्हिडिओबद्दल नको विचारूस. ते हॅम्पडनवर होते का, मॅकनीलचं हेडर त्यांनी डोळ्यांनी पाहिलं का, ते विचार. पाहिलं असेल तर मॅकनील केवढा उंच उडाला, त्यानंतर स्टेडियम कसं गरजलं, सगळं त्यांच्या तोंडून ऐक आणि मला लिहून पाठव.

आक्का ठीक आहे, थंडीचं सांभाळ म्हणते.

तुझा,
मामा