सरते वर्ष आणि भिंतीवरची रेघ



डिसेंबर संपत आला की आपल्या भित्तिपत्रकाचा वर्षअखेरचा अंक निघतो. मुले गावभर फिरून बातम्या गोळा करतात, त्यातल्या त्यात बऱ्या अक्षराचा एकजण त्या उतरवून काढतो, आणि एक मजकूर शिक्षकांपैकी कुणीतरी लिहायचा असा आपल्याकडे रिवाज आहे. यंदा पाळी माझी आली. दोनदा लिहिले आणि दोनदा फाडले. कारण यंदाच्या बातम्यांत एक बातमी माझ्याच चुकीची आहे, आणि ती वगळून बाकीच्या लिहायला हात धजेना.

आधी मुलांनी आणलेल्या बातम्या. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या आल्या. फडाकडेच्या खोपटांतली काही पोरं आपल्या शाळेत येऊन बसू लागली आहेत. त्यांचे पाढे आपल्या पोरांपेक्षा पक्के निघाले, हे आपल्या पोरांनी बातमीत लिहिले नव्हते, म्हणून मी लिहितो. जुलै २०२५ च्या अखेरीस नांदणीच्या मठातली महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानंतर गुजरातेत वनतारा इथे नेली, तेव्हा सारा शिरोळ तालुका हळहळला. त्या आठवड्यात चित्रकलेच्या तासाला मी 'माझे घर' हा विषय दिला होता. तिसरीच्या बहुतेक पोरांनी हत्तीच काढला. एकाने घर काढले, पण दारात हत्ती होताच.

पारावर वर्षभर अलमट्टीचीच चर्चा होती. धरणाची उंची ५१९ मीटरवरून ५२४ करण्याचा कर्नाटकचा बेत, त्याला आपल्याकडचा विरोध, मे २०२५ मध्ये अंकलीजवळ अडवलेला रस्ता, हे सगळे तुम्ही ऐकलेच आहे. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला दोषी धरले नव्हते, नदीकाठच्या अतिक्रमणांकडे आणि पात्रातल्या अडथळ्यांकडे बोट दाखवले होते. पारावरच्या मंडळींना हे पटत नाही. मला दोन्ही बाजू ऐकल्या की दोन्ही खऱ्या वाटतात, म्हणून मी तिथे फार वेळ बसत नाही.

आता माझी बातमी.

आपल्या शाळेच्या रस्त्याकडच्या भिंतीवर तांबड्या ऑइलपेंटच्या तीन रेघा होत्या. खालची २००५ ची, मधली २०२१ ची आणि सर्वांत वरची २०१९ ची. मी २०१८ साली इथे रुजू झालो, तेव्हा एकच होती, २००५ ची. कुणा जुन्या गुरुजींनी काढलेली. बाकीच्या दोन माझ्या डोळ्यांदेखत निघाल्या.

२०१९ चा ऑगस्ट लहान मुलांना आठवत नसेल, म्हणून सांगतो. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याच्या बातम्या येत होत्या. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतात. ते दोन्ही मागे पडले. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार सोहळा होऊन गेला, म्हणजे उत्तरेच्या दारातून देवळात शिरलेले पाणी दक्षिणेच्या दाराने बाहेर पडले. पाणी चढतच होते. आपल्या शाळेच्या भिंतीवर ते २००५ च्या रेघेला टेकले, तेव्हा गावातली कितीतरी माणसे घरातच होती. "टेकलं रेघेला. आता उतरंल," असे म्हणत होती. धान्याची पोती त्या रेघेच्या अंदाजानेच माळ्यावर चढवलेली. रात्रीत पाणी रेघ ओलांडून वर गेले. पोती भिजली आणि माणसांना अंधारात नावेतून काढावे लागले. त्याच दिवसांत, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली. ते कानावर आल्यावर आपल्याकडच्या बायाबापड्या नावेत पाय ठेवायला कचरू लागल्या. आमचे हेडमास्तर जनरल रजिस्टर डोक्यावर घेऊन छातीभर पाण्यातून बाहेर आले. मी पोषण आहाराच्या तांदळाच्या मागे लागलो. तो काही वाचला नाही.

जुलै २०२१ मध्ये मात्र लोक आधीच बाहेर पडले. त्या साली राजाराम बंधाऱ्यावर पाणी २०१९ पेक्षाही चढले, पण सांगलीला आयर्विन पुलाजवळ २०१९ चेच जास्त राहिले. आपण दोन्ही नद्यांच्या बेचक्यात. कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेला पुढे सरकायला वाट मिळत नाही, आणि ती मागे आपल्या शिवारात पसरते. आपल्या भिंतीवर तरी २०१९ ची रेघ वर राहिली.

मग जानेवारी २०२४ उजाडला. 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' या अभियानात भाग घ्यायचा ठरले. वर्गणी जमली, पेंटर आला. भिंती बोलक्या करायच्या होत्या. त्याने मला विचारले, "गुरुजी, ह्या रेघा ठेवू का?" मी म्हणालो, "वाईट दिसतात. मारा रंग." एवढेच बोललो. त्याने दोन हात पांढरा मारून वर फुलपाखरू आणि मुळाक्षरांची आगगाडी काढली. आम्हाला बक्षीस मिळाले नाही, हे जाता जाता.

त्याच वर्षी जुलैत पंचगंगा धोक्याच्या पातळीवर गेली. पाणी आपल्या फाटकाशी आले. वेशीजवळची आज्जी पोत्याची खोळ पांघरून भर पावसात शाळेशी आली आणि भिंतीकडे बघत उभी राहिली.

"गुर्जी, माझी रेघ कुटं गेली?"

तिचा हिशेब ठरलेला होता. शाळेच्या भिंतीवर २००५ च्या रेघेखाली दोन हात पाणी राहिले की ते तिच्या गोठ्यात शिरते. त्याच्या आधी म्हसरं सोडून वरच्या रस्त्याला लावायची. मोबाइलवर धरणाचे आकडे येतात, क्युसेक येतात, पण तिला त्यातून तिच्या गोठ्याचे काही कळत नव्हते. मी काहीतरी पुटपुटलो. ती म्हणाली, "आता फुलपाखराला इचारू व्हय, पाणी किती ऱ्हायलंय त्ये?"

पाणी त्या वेळी फाटकावरूनच परतले. मी तिला म्हणालो, "आज्जी, रेघा परत काढतो." मनापासून म्हणालो होतो. पण नंतर परीक्षा आल्या, मग निवडणुकीची ड्युटी, मग पुन्हा शाळा, आणि दीड वर्ष असेच गेले. यंदा तुळशीची लग्नं झाली आणि चार दिवसांनी आज्जी गेली. दहाव्याला नदीवर उभा होतो. तिचा मुलगा मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरे झाले असते.

या महिन्यात अखेर काम काढले. विकास सोसायटीच्या गोदामावर २०१९ आणि २०२१ च्या खुणा शाबूत आहेत. चौथीतल्या एका मुलाचे वडील गवंडी आहेत. ते त्यांची लेव्हलची लांब पारदर्शक नळी घेऊन आले. नळीत पाणी भरायचे, एक टोक गोदामाच्या खुणेशी धरायचे आणि दुसऱ्या टोकाला पाणी जिथे थांबेल तिथे खूण करायची. नळी एका दमात पोचत नव्हती, म्हणून मध्ये विजेच्या खांबावर आणि पाराच्या कट्ट्यावर खुणा करत तीन टप्प्यांत शाळेपर्यंत आलो. पहिल्या वेळी नळीत बुडबुडा राहिला आणि माप चुकले. पुन्हा पहिल्यापासून. एका मुलीने विचारले, "गुरुजी, नळी एवढी वाकडीतिकडी पडलीय, तरी दोन्हीकडं पाणी सारखंच कसं?" त्या दिवशीचा विज्ञानाचा तास रस्त्यावरच झाला.

दोन रेघा मिळाल्या. अडले ते २००५ चे. गोदाम त्यानंतरचे, त्यामुळे तिथे खूण नाही. एकजण म्हणतात, रेघ खिडकीच्या चौकटीला लागून होती. दुसऱ्या बाई म्हणतात, वीतभर खाली. आज्जीच्या गोठ्यावरून माप घ्यावे म्हणून गेलो, तर २०२१ नंतर मुरूम टाकून त्याचे जोते उचललेले. तिच्या दोन हातांचा हिशेब आता कुणालाच लागत नाही.

एक गृहस्थ तर म्हणाले, "ती रेघच नको. त्या रेघेनं २०१९ ला आमचं धान्य बुडवलं." त्यांचेही खोटे नाही. रेघ बघून माणसे थांबली होती. पण रेघेने 'पाणी इथवर आले होते' एवढेच सांगितले होते, 'याच्या वर येणार नाही' असे नव्हते. म्हणून आता प्रत्येक रेघेशी वर्ष लिहून पुढे 'इथवर आले होते' असे मुलांनी लिहिले आहे. आगगाडीचे तीन डबे त्यात गेले. फुलपाखरू ठेवले आहे.

२००५ ची रेघ मुलांनी खिडकीजवळ तुटक काढली आहे, खडूने. ती पक्की करायची आहे. ज्यांच्या घरी २००५ ते २०२३ च्या दरम्यानचा, शाळेची रस्त्याकडची भिंत दिसेल असा कुठलाही फोटो असेल, वरातीचा, गणपतीच्या मिरवणुकीचा, झेंडावंदनाचा, त्यांनी तो २६ जानेवारीपर्यंत शाळेत आणून द्यावा. माप घेऊन फोटो त्याच दिवशी परत केला जाईल.