उशिरा आलेले पदक

पदक ही वस्तू मोठी चमत्कारिक आहे. हातात घेतली तर धातूचा एक लहानसा तुकडा आणि बोटभर रंगीत फीत. मोडीत घालायला नेली तर सोनार नाक मुरडील. पण याच वस्तूपायी माणसे पन्नास-पन्नास वर्षे अर्ज करतात, कचेऱ्यांचे उंबरे झिजवतात. तेही बहुधा स्वतःसाठी नव्हे, दुसऱ्यासाठी!

माझा मामा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीबरोबर इटलीत होता. तो काही लढवय्या नव्हे. पलटणीच्या कचेरीतला कारकून. लहानपणी आम्ही विचारायचो, "मामा, तू किती जर्मन मारलेस?" तो म्हणे, "एकही नाही. मी आपला टाइपरायटर बडवला!" पण शौर्याच्या शिफारशी त्याच्या हाताखालून जात. कोणी काय केले, ते कोणी पाहिले, साहेबाची सही कुठे आहे, सारे कागदावर यावे लागे. मामा म्हणे, "पराक्रम खंदकात होतो, पण पदक कागदावर जन्मते. सकाळचा पराक्रम पाहणारा साहेब दुपारी पडला, की तो पराक्रमही त्याच्याबरोबर गेला."

इटलीतल्या दोन मराठ्यांचे नशीब त्या बाबतीत बरे. 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांचे सारे सोबती पडले, तेव्हा ते एकटे शत्रूच्या मशीनगनवर धावून गेले. गोळ्या संपल्या, तर बंदुकीच्या दस्त्याने लढले आणि तिथेच धारातीर्थी पडले. 9 एप्रिल 1945 रोजी सेनिओ नदीकाठी निरोप्याचे काम करणाऱ्या नामदेव जाधवांनी दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून आणि सुरुंगांतून पलीकडे नेले आणि मग शत्रूच्या तीन मशीनगन बंद पाडल्या. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. 1911 पूर्वी हेच शौर्य केले असते, तर ते पदक हिंदी शिपायाला मिळण्याची सोयच नव्हती!

पण ज्यांचा साहेब दुपारी पडला, त्यांचे काय? मी कॉलेजात असतानाची गोष्ट. सातारकडची एक बाई मामाचा पत्ता शोधत आमच्या घरी आली. तिचा नवरा मामाच्या पलटणीतला. रात्रीच्या अंधारात त्याने तीन जखमींना ओढून आणले होते आणि चौथ्याला आणायला गेला तो परतला नव्हता. मामाला सारे ठाऊक होते. पण शिफारस कोणी केली नव्हती. करणारा उरलाच नव्हता. आईने तिच्यापुढे चहा ठेवला. तो तिने बराच वेळ घेतलाच नाही. म्हणाली, "भाऊजी, पैका नगं मला. पर पोरगं इचारतं, बा लढाईत नेमका कसा गेला? मी काय दाखवू त्येला?"

मामाने मोठे थोरले पत्र लिहिले. चार महिन्यांनी दोन ओळींचे उत्तर आले: मुदत संपली आहे, विचार करता येत नाही.

आमचे हे एकदा म्हणाले, "अगं, मेलेल्या माणसाला पदक काय आणि पत्रा काय!" बोलणे खोटे नाही. पण पुढे मी अमेरिकेतली एक हकिकत वाचली आणि मला उत्तर सापडले.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात दहा लाखांहून अधिक कृष्णवर्णी लोक होते. त्या युद्धासाठी चारशेहून अधिक सर्वोच्च पदके, 'मेडल ऑफ ऑनर', दिली गेली. त्यांतले कृष्णवर्णीयांना किती? एकही नाही! रूबेन रिव्हर्स नावाचा रणगाड्यावरचा सार्जंट नोव्हेंबर 1944 मध्ये फ्रान्समध्ये सुरुंगाने जखमी झाला. पाय हाडापर्यंत फाटला होता, तरी त्याने मागे जायचे नाकारले आणि तीन दिवसांनी लढताना मेला. त्याचा गोरा कप्तान डेव्हिड विल्यम्स याने सर्वोच्च पदकाची शिफारस केली. ती कुठे गेली कोण जाणे! पण हा गृहस्थ गप्प बसला नाही. पुढे कित्येक वर्षे तो तेच मागत राहिला.

अखेर 1993 मध्ये सैन्याने विद्वानांची समिती नेमून जुनी दप्तरे धुंडाळली. मुदतीची अट दूर करायला 1996 मध्ये कायदा करावा लागला. 13 जानेवारी 1997 रोजी सात जणांना ते पदक मिळाले. सहा जण मरून गेले होते. हयात होता एकटा व्हर्नन बेकर, वय 77. इटलीतल्या आगिनोल्फी किल्ल्यापाशी 5 आणि 6 एप्रिल 1945 ला तो लढला. आपल्या जाधवांच्या पराक्रमाच्या तीनच दिवस आधी! दोघांचा देश एक, शत्रू एक, महिना एक. एकाला तेव्हाच मिळाले, दुसऱ्याला बावन्न वर्षांनी.

कोणी म्हणेल, असे जुने उकरत बसलो तर पदकांची खिरापत होईल. तसे मुळीच नको. समितीने दहा नावे सुचवली आणि त्यांतली सातच मान्य झाली. पारख ती हवीच. मागणे एवढेच की दप्तर उघडा, पुरावा पाहा, मग नाही म्हणा. न पाहता 'मुदत संपली' हे उत्तर वाण्याच्या उधारीला शोभते, रक्ताला नव्हे.

आपल्याकडेही 18 नोव्हेंबर 1962 रोजी रेझांग ला येथे मेजर शैतान सिंग आणि त्यांचे शंभराहून अधिक जवान पडले. वाचलेल्यांनी सांगितलेली हकिकत अनेकांना पटेना. 1963 च्या फेब्रुवारीत बर्फात गोठलेले मृतदेह सापडले, कित्येकांच्या हातांत शस्त्रे तशीच होती, तेव्हा लोकांचा विश्वास बसला. प्रत्येकासाठी बर्फ साक्ष जपून ठेवीलच असे नाही.

मामाने त्या बाईसाठी शेवटी एक गोष्ट केली. टाइपरायटर काढला आणि पाहिले, ऐकले ते सारे तारीख-ठिकाणासह टाइप करून खाली आपली सही ठोकली. तो कागद घेऊन ती गेली. सरकारी शिक्का त्यावर नव्हता, पण मुलाला दाखवायला तिच्याजवळ काहीतरी होते.

1971 च्या युद्धातले आपले शिपाई आता सत्तरी ओलांडून गेले आहेत. यंदा फराळाला असे कोणी घरी आले, तर चकलीची बशी पुढे करून विषय बदलू नका. शेजारच्या खंदकात कोण होते, त्याने काय केले, हे विचारा आणि लिहून ठेवा. पदक मिळेल की नाही, ते सरकार पाहील. साक्ष मात्र आपल्या घरातूनच जायला हवी.