दुसरा मोजा

औशाच्या मे महिन्यात लोकरीचे नाव काढले तरी माणसे हसतात. पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो आणि दुपारी किल्ल्याकडच्या रस्त्यावर कुत्रेदेखील सावली सोडत नाही. अशा दिवसांत कोणी विणायला बसावे, हे विपरीतच वाटते. परंतु विणकामाला जी निवांत वेळ लागते ती आमच्या भागात उन्हाळाच देतो. शाळा बंद असतात आणि बारा ते चार दार लोटून घरात बसण्यावाचून गत्यंतर नसते. आमच्या धर्मग्रामातील एका निवृत्त परिचारिकेने मागच्या उन्हाळ्यातील हे तास सुयांवर ओवले. त्यांना आम्ही सारे मावशी म्हणतो.

मावशींची ही हौस जुनी. वसतिगृहात असताना सिस्टरांनी त्यांच्या हाती दोन सुया दिल्या, त्या आजतागायत सुटलेल्या नाहीत. एप्रिलमध्ये त्यांनी दवाखान्यातील नवजात बालकांसाठी बारा टोपडी विणली. ‘या उकाड्यात टोपडी कशाला?’ असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “फादर, कमी वजनाच्या बाळाला स्वतःची ऊब धरून ठेवता येत नाही. त्याला उन्हाळाही थंडच असतो.” त्यानंतर वेदीवरच्या वस्त्राला क्रोशाची किनार झाली, जपमाळा ठेवण्याच्या पिशव्या झाल्या. मे महिना पवित्र मातेचा. संध्याकाळी घरोघरी जपमाळ होत असे आणि दुपारी मावशींच्या घरी सुया चालत. मग त्यांनी जाहीर केले, की आता मोजे शिकायचे.

यामागे हौसेपेक्षा निराळे कारण होते. काकांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, बरीच वर्षे मधुमेह आहे. दोन वर्षांपूर्वी डाव्या पायाला आलेला फोड त्यांना कळला नाही आणि अखेर करंगळी काढावी लागली. मधुमेहात पायांच्या नसा बधिर होतात. खडा टोचला, चटका बसला, तरी मेंदूला वर्दी पोहोचत नाही. त्यामुळे अशा रुग्णाने घरातही अनवाणी चालू नये, असे डॉक्टर बजावतात. काका मात्र चर्चच्या दारात चप्पल काढत आणि तापलेल्या पायरीवरून तसेच आत येत. पादत्राणे घालून या, असे मी त्यांना अनेकदा सुचवले. त्यांचे उत्तर ठरलेले असे : “फादर, जळत्या झुडपापाशी मोशेला देवाने पायातले काढायला सांगितले. मला कोण सवलत देणार?” बायबलच्या आधाराने धर्मगुरूला निरुत्तर करण्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसे. मावशींच्या चेहऱ्यावर मात्र करंगळीची आठवण दिसे.

पन्नास-साठ रुपयांत बाजारात मोज्यांची जोडी मिळते. पण तिच्या काठाचे इलॅस्टिक पोटरीला करकचते आणि बोटांपाशी जाड शिवण असते. धडधाकट माणसाला ती जाणवत नाही; बधिर पायाला तीच घासून जखम करू शकते. शिवाय चार बोटांच्या पायात पाच बोटांचा मोजा घातला, तर उरलेल्या कापडाची चुणी पडते. मावशींनी ठरवले : शिवण नसलेला, सैल काठाचा, काकांच्याच पायाच्या मापाचा मोजा. रंग पांढरा, कारण रक्ताचा किंवा पुवाचा डाग पांढऱ्यावर लगेच दिसतो. त्यांच्यातील परिचारिका निवृत्त झालेली नव्हती!

मग धाग्याचा शोध सुरू झाला. दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळते ती बहुधा अ‍ॅक्रिलिक असते; तिच्यात घाम जिरत नाही. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर खरी, पण भरड. तिची घोंगडी उत्तम होते, मोजा टोचतो. शेवटी बारीक सुती दोरा आणला. पुण्याच्या नातीने मोबाइलवर चित्रफीत लावून दिली आणि दोन सुयांची सवय असलेले हात पाच सुयांशी झगडू लागले. बहात्तर टाके, चार सुयांवर अठरा-अठरा, आणि पाचवी सुई विणणारी. दोन सुलट, दोन उलट असा ताणला जाणारा काठ झाला, की नुसत्या सुलट टाक्यांच्या फेऱ्या. कडा नाही, म्हणून जोडणेही नाही.

खरी परीक्षा टाचेची. अर्धे, म्हणजे छत्तीस टाके घेऊन एक चौकोनी पट्टी विणायची. नंतर मात्र ओळ शेवटपर्यंत न नेता मध्याच्या थोडे पुढे जाऊन मागे फिरायचे, पलीकडे थोडे अधिक जाऊन पुन्हा मागे. या वळणांमुळेच सपाट पट्टीला वाटीसारखी खोली येते आणि तीत टाच विसावते. मावशींनी ती टाच तीनदा उसवली. विणकामाची ही दया मला फार आवडते : उसवले तरी धागा शाबूत राहतो.

मोज्याचे टोक बंद करण्याचा जो शिवणविरहित टाका आहे, त्याला किचनर यांचे नाव आहे. हे तेच लॉर्ड किचनर, जे १९०२ साली हिंदुस्थानचे सरसेनापती होऊन आले आणि ज्यांच्याशी झालेल्या वादातून व्हाइसरॉय कर्झन यांनी १९०५ मध्ये राजीनामा दिला. सेनापतीचे नाव सैनिकाच्या पायाच्या बोटांशी राहिले, हे मला बरे वाटते. आपल्याकडेही १९६२ च्या चीनयुद्धात घरोघरच्या स्त्रियांनी जवानांसाठी लोकर विणली होती.

शिवण नसलेल्या वस्त्राची गोष्ट निघाली, की आम्हा ख्रिस्ती जनांना दुसरेच काही आठवते. प्रभूचा अंगरखा वरपासून खालपर्यंत अखंड विणलेला होता, म्हणून शिपायांनी तो न फाडता त्यावर चिठ्ठ्या टाकल्या, असे संत योहान सांगतो. जर्मनीतील हाम्बुर्ग येथील कलादालनात सुमारे १४०० सालच्या वेदीचित्रांत एक चित्र आहे. त्यात पवित्र मरिया अनेक सुयांवर गोलाकार अंगरखा विणत आहे, शेजारी बाळ येशू पहुडला आहे आणि देवदूत क्रूस, खिळे घेऊन उभे आहेत. कालवारीचे वस्त्र आईच्या हातून आकार घेत आहे! पुढचे दुःख आईला टाळता येत नाही. वस्त्र तेवढे मापाचे करता येते.

माप हा शब्द मला किल्लारीकडे नेतो. किल्लारी आमच्याच औसा तालुक्यातील. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा मी सेमिनरीत होतो. नंतर या भागात आलो, त्या वेळी मदतीत आलेल्या कपड्यांचे ढीग पाहिले. देणाऱ्यांच्या मनात माया होती. पण कोणाच्या अंगाला काय येईल, हे त्यांना ठाऊक असणे शक्य नव्हते. संकटात असे दान लागतेच. तरीही एका माणसाच्या एका पायासाठी बोटाबोटाचे माप घेऊन केलेली सेवा वेगळी असते. ती ढिगाने होत नाही.

डावा मोजा जूनच्या आरंभी पुरा झाला. करंगळीच्या बाजूने मावशींनी टाके अधिक घटवले होते; तो पायावर चुणीविना बसला. काकांनी तो बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, “आता हे विणलेले उन्हात कशाला झिजवायचे?” त्या रविवारी ते मऊ बुटांत आले. दारातली जुनी चप्पल गेली, मोशेचा दाखलाही गेला. डाव्या पायात मावशींचा मोजा, उजव्यात बाजारचा. मिस्सा संपेपर्यंत मुले त्यांच्या पायांकडे पाहत होती.

परंतु मोजा कधी एकटा नसतो. विणणाऱ्या बायका सांगतात, की पहिला मोजा सगळे विणतात. दुसराच अर्धवट राहतो. पहिल्यात कुतूहल असते, टाच कशी वळेल याची उत्सुकता असते, लोकांची वाहवा असते. दुसऱ्यात नवे काही उरत नाही. फक्त पहिल्याशी जुळतील अशा फेऱ्या मोजायच्या असतात. मी तीस वर्षे लग्ने लावत आलो आहे, गुरुदीक्षेचे वाढदिवसही पाहत आलो आहे. शपथ घेताना आपण सारे पहिला मोजा विणत असतो.

पाऊस लागल्यावर शाळा भरल्या, दुपारच्या बैठका मोडल्या. मावशी आता रात्री, काका झोपल्यावर, दिव्याखाली बसतात. परवा विचारले, तेव्हा म्हणाल्या, “टाच वळली, फादर. आता सरळ पाऊलच उरले आहे.”