चंपीची गुरगुर

आमच्या घरात माणसं सहा आणि कुत्री तीन. हे गणित गेल्या जूनपर्यंतचं. मिरगाचा पहिला पाऊस पडून गेला होता. धाकटा भाऊ शाळेतून आला तो दप्तर पोटाशी धरून. दप्तर हलत होतं. आई काही विचारणार तेवढ्यात त्यातून एक काळं ओलं नाक बाहेर आलं.

"खानापूर रोडच्या कडेला होतं. त्याची आई गाडीखाली गेलीय. एकच दिवस ठेवूया की," तो म्हणाला.

आमची तिन्ही कुत्री अशीच एका दिवसासाठी आलेली आहेत. आईनं कपाळाला हात लावला आणि दूध गरम करायला आत गेली.

आम्ही येळ्ळूरला राहतो. पुढं अंगण, मागं परसू आणि त्याच्या पलीकडं भाताची शेतं. घरातली सगळ्यात जुनी कुत्री चंपी. तांबूस रंगाची, गावठी, वय दहा वर्षं. दुसरी रानी, मुधोळ जातीची मिसळ. लांब पाय, आत गेलेलं पोट, निमुळतं तोंड. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळ संस्थानच्या मालोजीराव घोरपड्यांनी ही शिकारी जात जोपासली. 2005 साली टपाल खात्यानं तिच्यावर तिकीटही काढलं, म्हणून आमचे काका रानीला 'तिकीटवाली' म्हणतात. तिसरा टायग्या. दोन वर्षांचा, नावापुरता वाघ. फटाका वाजला की पलंगाखाली.

नव्या पिल्लाचं पोट टम्म होतं, म्हणून भावानं त्याचं नाव ठेवलं भोपळ्या. आम्हाला वाटलं, चांगलं खाऊनपिऊन आलंय. जनावरांच्या डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, "जंत आहेत." पहिल्याच दिवशी आम्ही त्याच्याबद्दल चुकीचं वाचलं होतं. पण त्यातून शहाणपण आलं नाही.

डॉक्टरांनी दुधाचे दात बघून वय सांगितलं, पाच आठवडे. "लवकर सुटलंय आईपासून," एवढंच ते म्हणाले. त्या वाक्याचा अर्थ मला दोन महिन्यांनी कळला.

भोपळ्या चावायचा. पायाला, ओढणीला, झाडूला, आज्जीच्या लुगड्याच्या काठाला. पिल्लाचे दुधाचे दात 28 असतात आणि सगळे सुईसारखे. टायग्याला तो चावला की टायग्या पाठीवर आडवा व्हायचा, पाय वर करायचा आणि एवढ्याशा पिल्लाला जिंकू द्यायचा. रानीला नुसतं पळायला हवं असायचं. ती पुढचे पाय जमिनीला टेकून, मागचा भाग वर करून खेळाचं आमंत्रण द्यायची आणि वाऱ्यासारखी सुटायची. भोपळ्या मागं मागं धडपडायचा, चिखलात पडायचा, परत उठायचा. आम्ही ओट्यावर बसून हसायचो.

चंपी मात्र खेळायची नाही. तिच्या गोणपाटाजवळ भोपळ्या गेला की ती मान फिरवायची. कान ओढला की उठून दुसरीकडं जायची. तिथंही तो गेला की ओठ थोडा वर उचलायची, आणि मग गुरगुरायची. खोल, घशातून येणारी गुरगुर. भोपळ्या मागं सरायचा, पण आम्हीच घाबरायचो.

"म्हातारी जळालीय त्याच्यावर," काका म्हणाले. मोबाईलवर बघून त्यांनी सांगितलं, कुत्र्यांच्या टोळीत एक सरदार असतो, चंपी तिची सरदारकी राखायला बघतेय, तेव्हा खरा सरदार कोण हे आपणच दाखवायला पाहिजे. आप्पांनाही ते पटलं. आणि खरं सांगायचं तर दाखवायचं काम सगळ्यात जास्त मीच केलं. चंपी गुरगुरली की मी ओरडायची, "ए, गप!" न ऐकल्यास वर्तमानपत्राची गुंडाळी नाकावर मारायची. दोनदा तिला परसात बांधून घातलं. एकदा आज्जी म्हणाली, "कशाला मारालीस गं तिला? काय केलंय तिनं?" मी म्हटलं, "आज्जी, तुला कळत नाही. पिल्लाला खाईल ती."

दहा वर्षांपूर्वी मी तिसरीत असताना याच चंपीला मी फ्रॉकच्या ओच्यात घालून आणलं होतं.

जुलै संपेपर्यंत चंपी गुरगुरायची थांबली. भोपळ्या अंगावर चढला तरी नुसती ताठ बसून राहायची. आम्ही खूश. "बघ, सुधारली की नाही?" मी सगळ्यांना सांगायची.

नागपंचमीच्या आदल्या संध्याकाळी आईनं जर्मनच्या ताटल्यांत भाकरी कुस्करून ठेवली होती. चारही कुत्री एका ओळीत. भोपळ्यानं स्वतःचं संपवलं आणि चंपीच्या ताटलीत तोंड घातलं. आवाज झालाच नाही. ना गुरगुर, ना भुंकणं. एकदम भोपळ्याची किंकाळी ऐकू आली. मी मध्ये हात घातला. काय झालं ते मला नीट आठवतसुद्धा नाही. भोपळ्याचा कान फाटला होता, माझ्या मनगटाजवळ दोन दात रुतले होते, आणि चंपी भिंतीला चिकटून थरथरत उभी होती.

आईनं हात नळाखाली धरून साबणानं पंधरा मिनिटं धुतला. चंपीला दरवर्षी रेबीजची लस दिलेली होती, तरी मला इंजेक्शनं घ्यावी लागलीच. दवाखान्यातून परत येताना आप्पा गाडीवर काही बोलले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, "उद्या तिला शेतावर सोडून येतो. घरात पोरं आहेत." शेत म्हणजे आमचं नव्हे. लांबच्या एका ओळखीच्यांचं, जिथं राखणीला कुत्रं साखळीला बांधून ठेवतात. दहा वर्षांची चंपी आणि साखळी. मला रडू आलं, पण 'नको' म्हणायला तोंड नव्हतं. पुरावा माझ्याच हाताला बांधलेला होता.

दुसऱ्या दिवशी भोपळ्याच्या कानाला टाके घालायचे होते, म्हणून आज्जीनं हट्ट धरला की चंपीलाही डॉक्टरांकडं न्या, मग काय ते ठरवा.

डॉक्टरांनी आधी चंपीची कंबर दाबली. तिनं झटकन मान वळवली, पण आवाज केला नाही. त्यांनी मागचा पाय हळूच ताणला. तरी नाही. ते म्हणाले, "सांधे दुखतात हिचे. बरेच दिवस दुखत असणार. पण ही गुरगुरत का नाही?"

मी अभिमानानंच म्हटलं, "आधी गुरगुरायची. आम्ही सवय मोडली."

डॉक्टर थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही चावायची सवय मोडली नाहीत. चावण्याआधी सांगायची मोडलीत."

त्यांनी आम्हाला वीस मिनिटं बसवून समजावलं. कुत्रं सहसा एकदम चावत नाही. आधी मान फिरवतं, जीभ नाकावर फिरवतं, डोळ्याचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघतं, अंग ताठ करतं, उठून जातं. यातलं काहीच समोरच्याला समजलं नाही तर ओठ उचलतं, गुरगुरतं, हवेत दात आपटतं. चावणं अगदी शेवटी. गुरगुरल्यावर मार बसला की कुत्रं गुरगुरायचं सोडतं, पण ज्यामुळं गुरगुरत होतं ते दुखणं, ती भीती तिथंच राहते. मधल्या पायऱ्या आम्ही काढून टाकल्या होत्या.

आणि भोपळ्या? पिल्लं तीन आठवड्यांची झाली की एकमेकांशी झोंबायला लागतात. एक जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ थांबतो. आई दूध तोडायच्या वेळी त्यांना हुसकावते, गुरगुरते. किती जोरानं चावायचं आणि कुठं थांबायचं, हे पिल्लू असं शिकतं. भोपळ्याची ही शाळा पाचव्या आठवड्यातच सुटली होती. टायग्या त्याला लाडावत होता, रानी पळवत होती. 'पुरे' हा एक शब्द शिकवणारी घरात एकटी चंपी होती आणि तिलाच आम्ही गप केलं होतं.

नंतर मी कॉलेजच्या लायब्ररीतल्या संगणकावर बसून बरंच वाचलं. स्कॉट आणि फुलर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी अनेक वर्षं पिल्लं पाळून, निरीक्षणं करून 1965 साली पुस्तक लिहिलं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू इतर कुत्र्यांशी आणि माणसांशी कसं वागायचं ते सगळ्यात सहज शिकतं, असं त्यांना दिसलं. म्हणजे भोपळ्याच्या शिकण्याच्या नेमक्या दिवसांत मी वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन उभी होते. काकांच्या सरदाराचंही मूळ सापडलं. पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांवरून ती कल्पना आली होती. डेव्हिड मीच या संशोधकानं 1970 च्या आपल्या पुस्तकात ती मांडली, आणि पुढं रानातल्या लांडग्यांत राहून त्यानंच ती दुरुस्त केली. रानातली टोळी म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पोरं. काकांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "मग सरदार आईच की."

आप्पांनी चंपीला शेतावर नेलं नाही. 'ठेवतो' असंही म्हणाले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना लाकडी फळ्या आणल्या आणि ओट्याच्या कोपऱ्यात तिच्यासाठी वेगळी जागा केली, पिल्लाला चढता येणार नाही एवढी उंच आणि तिला चढायला एक पायरी. चार ताटल्या चार ठिकाणी गेल्या. चंपीची स्वयंपाकघरात, दार लावून. सांध्यांसाठी गोळ्या सुरू झाल्या. भोपळ्याला दुपारी वेगळं झोपवायला लागलो. लहान पिल्लाला दिवसातले अठरा तास तरी झोप लागते, आणि झोप झाली नाही की तेच पिल्लू राक्षस होतं, हेही आम्हाला उशिरा कळलं.

सगळ्यात अवघड होतं ते माझ्या तोंडाला आवरणं. गप्प बसून बघायचं. खेळात दोघांची पाळी बदलते का, मध्येच थांबून अंग झाडतात का, कुणी सुटायला बघतंय का. सुटायला बघत असेल तर भोपळ्याला हाक मारून बोलवायचं. चंपीला रागवायचं नाही.

चंपी लगेच बोलायला लागली नाही. सप्टेंबर पूर्ण गेला. भोपळ्या जवळ गेला की ती आधी माझ्याकडं बघायची, माझ्या हाताकडं. ती नजर मी विसरणार नाही. मनगटावरचे दोन व्रण आता फिके झालेत, पण त्या नजरेचं अजून काही जमलेलं नाही.

दसऱ्याच्या सुमाराला एक दिवस अंगणात भात वाळत होतं. भोपळ्या आता चांगला थोराड झालेला, नवे दात येत असल्यामुळं जे दिसेल ते चावणारा. तो चंपीच्या शेपटीकडं सरकला. आणि कितीतरी दिवसांनी ती गुरगुर ऐकू आली. खोल, घशातून. जुन्या सवयीनं आप्पा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "ए, गप गं!"

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "बोलू दे की तिला."

आई अशी मध्येच बोलत नाही. आप्पांनी पेपर खाली घेतला. आज्जीनं सुपातलं पाखडणं थांबवलं. भोपळ्या जागच्या जागी थांबला होता, एक पाय वर, कान मागं. त्यानं मान फिरवली, जमीन हुंगल्यासारखं केलं आणि वळसा घालून टायग्याकडं निघून गेला.

चंपीनं दोन्ही पायांवर हनुवटी टेकली आणि डोळे मिटले. या वेळी तिनं माझ्या हाताकडं बघितलं नाही.