चांद्याच्या जागी

चांद्या आमच्या घरी आला तेव्हा दोन दाती होता. बैलाचं वय त्याच्या खालच्या जबड्यात वाचायचं असतं. दुधाचे दोन पडून नवे आले की दोन दाती, मग चार दाती, सहा दाती, आणि आठही आले की बैल जुळला. चांद्या आमच्याच दावणीला जुळला. रंगानं तांबडा, कपाळावर पांढरा चांद. गवळाऊ नव्हता, वर्धेकडच्या त्या पांढऱ्या, पळणाऱ्या बैलांची किंमत आमच्या पाच एकरांना झेपणारी नव्हती.

जुवाची उजवी बाजू त्याची, डावी त्याच्या जोडीदाराची, हरण्याची. बाजू बदलली की तो जागचा हलत नसे. डवरणीला मात्र त्याच्यासारखा बैल मी पाहिला नाही. पऱ्हाटीच्या दोन ओळींतून डवरा जायचा, आणि धुऱ्याशी आल्यावर बाबांनी कासरा ओढायच्या आधीच तो वळलेला असे. झाडावर कधी पाय पडू दिला नाही. तोंडाला मुसकं बांधावं लागे एवढंच. पऱ्हाटीच्या कोवळ्या पाल्यापुढे त्याचा शहाणपणा टिकत नसे.

खाण्याचे नखरे पुष्कळ. आमच्या भागात ज्वारी कमी होत गेली, सोयाबीन वाढलं, आणि गोठ्यातला कडबा आटला. हरण्यानं सोयाबीनचं कुटार निमूट पत्करलं. चांद्या ते फुंकरून बाजूला सारायचा आणि तुरीच्या कुटारासाठी थांबायचा. आई वर सरकीची ढेप टाकायची. तो ढेप तेवढी चाटून घ्यायचा, आणि कुटार तसंच!

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी. तूप-हळद लावून पळसाच्या पानांनी खांदा शेकायचा आणि उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. त्या वेळी तो मान अशी खाली घालून उभा राही की वर्षभर ओढलेल्या जुवाचा हिशेब आमच्याकडे मागतो आहे, असं वाटे.

तो थकला त्याच सुमारास मार्च २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदी बैलांनाही लागू झाली. त्याआधी थकलेला बैल विकून त्यात भर टाकायची आणि नवा आणायचा, हा कास्तकाराचा रिवाज होता. त्यात निर्दयपणा होता, पण नव्या बैलाची निम्मीशिम्मी सोय त्यातूनच होई. आता म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक उरलं नाही. बाबांनी चांद्याला तसंही विकलं नसतं, असं आई म्हणते. माझी खात्री नाही. त्या वर्षी घरात पैसा नव्हता.

शेवटी तो उठवणीला आला. पोटाखाली पोती घालून, बांबू लावून चौघं त्याला उभा करत. डॉक्टरांनी सलाईन लावली आणि जाताना बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यावरून आम्ही काय ते समजलो. धुऱ्यावरच्या मोहाखाली खड्डा खणून, मीठ टाकून त्याला पुरलं. हरण्या दोन दिवस ढेपेला शिवला नाही.

जोडी फुटली की शेत थांबतं. भाऊ म्हणाला, "बाबा, हरण्यालेही देऊन टाका कोणाले. ट्रॅक्टर भाड्यानं सांगू." हिशेबानं त्याचं बरोबर होतं; वर्षभर पोसायचा आणि मोजके दिवस जुंपायचा, हा बैलाचा व्यवहार कागदावर कधीच बसत नाही. बाबांनी फक्त विचारलं, "अन् डवरणी?" उभ्या पऱ्हाटीत ट्रॅक्टर कुठं घालणार?

वणीला रंगनाथस्वामींच्या जत्रेत बैलबाजार भरतो. तिथं बाबा हरण्याला सोबत घेऊन गेले. माणसं हसली, हेड्यानं तर म्हाताऱ्याचाच भाव विचारला. बाबांनी एकेका बैलाचे दात पाहिले, खूर उचलले, अंगावरचे भोवरे तपासले. एक चार दाती, डौलदार शिंगांचा बैल सगळ्यांना आवडला. बाबांनी त्याला हरण्याशेजारी उभा केला, चालवला आणि परत केला. त्याचं पाऊल लांब पडत होतं. "आपल्याले नुसता बैल नाई पायजे," ते म्हणाले, "हरण्याले जोडीदार पायजे."

शेवटी घेतला तो दिसायला बेताचा, शिंग जरा आखूड, पण उंचीला आणि चालीला हरण्याच्या जोडीचा. हेड्यानं दुपट्ट्याखाली बोटं दाबली, बाबांनी दाबली, बराच वेळ दोघांचे चेहरे कोरे. मग इसार दिला. चांद्याहून हा बैल कमीच होता, हे बाबा घरी येईपर्यंत दोनदा म्हणाले. तरी निवड बरोबर होती, असं मी आजही म्हणेन. पावसाळ्यात हरण्यानं त्याला ओळ शिकवली. बाबांना फार बोलावं लागलं नाही.

पुढे हरण्या गेला आणि त्याच्यामागे मात्र नवा जोडीदार आणला नाही. उरलेला बैल शेजाऱ्यांच्या जोडीत दिला. नांगरटीला आता भाड्याचा ट्रॅक्टर येतो, पण डवरणीसाठी त्याच शेजाऱ्यांची जोडी आधीपासून सांगून ठेवावी लागते, आणि गावात तशा जोड्या फार राहिलेल्या नाहीत.